धुऱ्यापलीकडचा मुलूख

ऑकलंडच्या विमानतळावर माझे बूट धुतले गेले. ही गोष्ट परत आल्यावर जवळ्यात सांगितली तेव्हा पारावरच्या मंडळींना ती खरी वाटेना. परदेशात गेलेल्या माणसाचं स्वागत हारतुऱ्यांनी होतं असं आपण ऐकलेलं. बूट धुऊन स्वागत? एकानं तर विचारलंही, "मास्तर, तिथं देवळात उतरवतात का काय इमान?" (बँकेत पस्तीस वर्षं काढली आणि चार कादंबऱ्या लिहिल्या तरी गावात मी 'मास्तर'च. चष्म्यामुळे असेल.)

घडलं ते असं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही उभयता न्यूझीलंडला मुलीकडे निघालो. परभणीहून देवगिरीनं मुंबई, मुंबईहून सिंगापूर, सिंगापूरला विमान बदलून ऑकलंड. निघायच्या सकाळी मी शेतात जाऊन आलो होतो. हळदीची काढणी चालू होती आणि पाहिल्याशिवाय पाय निघत नव्हता. पुढे विमानात जे माहितीपत्रक भरायला दिलं, त्यात एक प्रश्न होता की, सामानात वापरलेले बूट आहेत का, तुम्ही अलीकडे शेतात गेला होता का. मी पेन थांबवलं. सौ. म्हणाल्या, "खरं ते लिहा. उभ्या जन्मात कर्जाच्या अर्जावर लोकांना खोटं लिहू दिलं नाही, आता स्वतः लिहिता का?" मी 'होय'वर खूण केली.

विमानतळावरच्या तरुण अधिकारी मुलीनं बूट उलटे केले. तळव्याच्या खाचांमधून जवळ्याची काळी माती चांगली बोटभर भरली होती. मुलगी हसली, बूट घेऊन आत गेली आणि थोड्या वेळानं ते स्वच्छ करून घेऊन आली. आधी सांगितल्याबद्दल आभारही मानले. बेटांचा देश, दूधदुभत्यावर आणि फळबागांवर चाललेला. बाहेरच्या मातीतून एखादी कीड किंवा तणाचं बी आलं तर सगळं बसेल, म्हणून ही काळजी. लपवलं असतं तर जागच्या जागी चारशे डॉलर दंड होता.

सौ. पुढे चालू लागल्या. मी मात्र त्या स्वच्छ बुटांकडे बघत उभा राहिलो. ज्या मातीच्या दोन फुटांसाठी मी सख्ख्या थोरल्या भावाशी अकरा वर्षं बोललो नव्हतो, ती माती एका परक्या मुलीनं नळाखाली दोन मिनिटांत धुऊन टाकली होती.

आता हे दोन फूट काय, ते सांगायला हवं.

जवळा नावाची गावं महाराष्ट्रात पुष्कळ. आमचा जवळा 'बाजार'वाला, औंढा नागनाथ तालुक्यातला. जिल्हा आधी परभणी. १ मे १९९९ पासून हिंगोली. गावात मोंढा, भोवती काळं शिवार. पूर्णा नदीवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांनी या भागाला ऊस दाखवला, हळद दाखवली. आमच्या आबांची चौदा एकर जमीन होती. त्यांनी ती आम्हा दोघा भावांत वाटली तेव्हा ना दोरी धरली ना साखळी. लिंबाच्या झाडापासून पावलं टाकत गेले, मागून दादा खुंट्या ठोकत गेला, आणि त्या खुंट्यांच्या ओळीवर धुरा पडला. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. तीस वर्षं त्या धुऱ्यानं आम्हाला काही त्रास दिला नाही.

त्रास मी दिला. बँकेत असताना गहाणखतं तपासण्यात माझी हयात गेली. गहाणखतात जमिनीची चतुःसीमा लिहावी लागते. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस ओढा. चतुःसीमा चुकली की कर्ज बुडालं, हे माझं ब्रीद. निवृत्तीआधी थोडी रजा घेऊन गावी आलो असता, २०१३ साली, आपल्या स्वतःच्या जमिनीची कागदपत्रं 'क्लीन' करावीत असं माझ्या मनानं घेतलं आणि सरकारी मोजणी मागवली. मोजणीत निघालं की धुरा माझ्या बाजूला दोन फूट सरकलेला आहे. आठशे फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी पट्टी, म्हणजे जेमतेम दीड गुंठा. मी हद्दीचे दगड रोवून घेतले. दादा तिथेच उभा होता. "आबांची पावलं खोटी व्हती म्हन की," एवढंच बोलला आणि निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. लग्नाकार्यात समोर आलो तर वैनी तेवढ्या "बरं हाय का भाऊजी?" म्हणून विचारायच्या. कागदावर मी जिंकलो होतो. कायद्यानं बरोबर होतो. आणि दरवर्षी पेरणीच्या वेळी त्या दगडांपाशी आलो की मला चुळबूळ व्हायची.

असं हे ओझं घेऊन मी न्यूझीलंडला गेलो होतो. अर्थात विमानतळावर ते कुणी तपासलं नाही.

ऑकलंड हे शहर ज्वालामुखींच्या अंगाखांद्यावर वसलेलं आहे. लहानमोठे पन्नासेक ज्वालामुखी शहराच्या परिसरात आहेत. त्यातल्या माउंगाव्हाऊ नावाच्या टेकडीवर आम्ही पहिल्याच संध्याकाळी चढलो. माथ्यावर हिरवंगार गवत ल्यालेलं खोल विवर आहे, आणि उतारांवर माओरी लोकांनी पूर्वी कोरलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या सपाट्या आणि रताळी साठवायचे खड्डे अजून ओळखू येतात. खाली दोन्ही बाजूंना समुद्र, बंदरात शिडाच्या होड्या, मध्ये ३२८ मीटर उंचीचा स्काय टॉवर. हे सगळं बघण्यासारखंच आहे. पण माझा हात गेला तो वाटेवरच्या एका दगडी कुंपणाकडे. दगड काळा, बारीक भोकांचा, उन्हानं तापलेला. आमच्या औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाचा दगड तो याच कुळातला, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. फरक वयाचा. आमचा दख्खनचा कातळ सहा-साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा. ऑकलंडचा त्याच्या मानानं काल जन्मलेला. समोरच्या समुद्रात रांगितोतो नावाचं बेट दिसतं, ते तर सहाशे वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलं. म्हणजे आमच्या नर्सीच्या नामदेवांना जाऊन शतकही उलटलं नव्हतं, तेव्हा ही जमीन नव्यानं तयार होत होती. शेजारच्या बेटावर त्या वेळी माणसं राहत होती. आकाशातून पडलेल्या राखेवरून ती चालत गेली, तिचे आणि त्यांच्या कुत्र्यांचे पावलांचे ठसे त्या राखेत उमटले आणि टिकून राहिले. ते ऐकलं आणि मला आबांची पावलं आठवली. ती कुठे टिकली नाहीत. टिकू दिली नाहीत.

दोन दिवसांनी आम्ही देशांतर्गत विमानानं ख्राइस्टचर्चला निघालो. सव्वा-दीड तासाचा प्रवास. मुलीनं मुद्दाम खिडकीची जागा घेऊन ठेवली होती. दक्षिण बेटावर आल्यावर उजवीकडे बर्फाची रांग दिसू लागली आणि तिच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत कँटरबरीचं मैदान पसरलं. डोंगरांतून वाहून आलेल्या गोट्या-वाळूचं हे मैदान. त्यातून ज्या नद्या वाहतात त्यांना एक पात्र नाही. पाच-सहा धारा निघतात, एकमेकींत मिसळतात, परत फुटतात; वरून पाहिलं तर कुणी बाईनं वेणी सोडून वाळत टाकावी तशा दिसतात. पूर आला की धारा जागा बदलतात. 'उत्तरेस नदी' असं जर कुणी गहाणखतात लिहिलं तर पुढच्या पावसाळ्यात ती नदी दक्षिणेस सापडायची!

आणि शेतं? शेतं गोल! तव्यावर भाकरी टाकावीत तशी हिरवी वर्तुळं. जावयानं नंतर सांगितलं की मधोमध एक खांब असतो आणि त्याभोवती चाकांवर चढवलेला लांबच लांब नळ फिरत फिरत पाणी शिंपतो. नळ फिरेल तेवढं हिरवं. कोपरे राहिले की राहिले. मी विमानातच हिशेब मांडायला लागलो. गोल शेताला पूर्व कुठली आणि पश्चिम कुठली? चतुःसीमा लिहायची कशी? सौ. म्हणाल्या, "तुम्ही निवृत्त झालात, हे बँकेला कळलंय. तुम्हाला कधी कळायचं?"

ख्राइस्टचर्चला मुलगी-जावई राहतात. शहर सपाट, शांत, मधून एव्हन नावाची पाचपन्नास पावलांत ओलांडता येईल अशी नदी. २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी या शहराखाली भूकंप झाला आणि १८५ माणसं गेली. योगायोगानं आम्ही तिथे असताना २२ फेब्रुवारी आली. मुलगी म्हणाली, चला. नदीच्या काठी मेलेल्यांच्या नावांची लांब भिंत आहे. लोक आले, वेळ झाली तसे गप्प उभे राहिले आणि मग एकेक करत पुलावरून नदीत फुलं सोडू लागले. कुणी भाषण लांबवलं नाही. सौ.नीही दोन फुलं सोडली.

मला मात्र तिथे सास्तूर दिसत होतं. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती बोळवून लोक झोपले होते. मी तेव्हा, उस्मानाबाद म्हणत त्या, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं मातीत लिंपलेल्या जड दगडी भिंतींखाली गाडली गेली. दोन्ही भूकंपांची ताकद जवळपास सारखीच. पण आपल्याकडे माणसं गेली ती हजारांनी, दहा हजारांच्या घरात. घर कशाचं बांधलंय आणि माणूस त्या वेळी घरात झोपलाय की रस्त्यावर उभा आहे, यावर किती अवलंबून असतं! आठवड्याभरानं आम्ही एका पत्र्याच्या शेडमध्ये टेबल मांडून बसलो. पासबुकं ढिगाऱ्यात, अंगठा देणारे ढिगाऱ्यात. एक म्हातारे यायचे आणि रोज त्यांच्या घराची चतुःसीमा सांगायचे. "पूर्वेला भावाचं घर, पश्चिमेला चुलत्याचं..." भाऊ नव्हता, चुलता नव्हता, घरं नव्हती, गल्ली नव्हती. तरी ते सांगत राहायचे आणि मी वहीत लिहून घ्यायचो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. पुढे गावंच्या गावं नव्या जागी हलवली, सारखे प्लॉट पाडले, आणि कुणाचा शेजारी कुणाच्या वाट्याला राहिला नाही.

त्या दुपारी जावयानं आम्हाला एव्हनच्या काठानं गाडीतून नेलं. भूकंपात इथली जमीन पाण्यासारखी झाली, वाळू वर आली. पुन्हा घरं बांधण्याजोगी राहिली नाही, म्हणून शहरातली आणि आसपासची जवळजवळ आठ हजार घरं सरकारनं मालकांकडून विकत घेतली आणि बहुतेक पाडून टाकली. आज तिथे मैलोगणती नुसतं गवत आहे. पण नीट पाहिलं की गवतात ओळीनं झाडं दिसतात. एक सफरचंदाचं, पलीकडे एक प्लमचं, मग गुलाबाचं झुडूप. ही लोकांच्या परसातली झाडं. घर गेलं, कुंपण गेलं, झाड राहिलं. कुणीही यावं, फळ तोडावं. एक बाई पिशवी घेऊन सफरचंदं वेचत होत्या. जावयानं विचारलं तर म्हणाल्या, की पूर्वी त्या पलीकडच्या गल्लीत राहायच्या. हे झाड शेजाऱ्यांचं. शेजारी आता दुसऱ्या गावी. "त्यांना सांगते मी दरवर्षी, तुमचं झाड बरं आहे म्हणून."

मी काही बोललो नाही. आमच्या धुऱ्यावरचा लिंब मोजणीत माझ्या हद्दीत आला होता. वैनी त्याखाली दुपारची भाकर खायच्या. दगड रोवल्यावर त्या तिथे बसेनाशा झाल्या.

शहराच्या मध्यभागी जुनं दगडी कॅथेड्रल भंगून उभं होतं आणि काही अंतरावर एक नवं, २०१३ सालचं, जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी उभं केलेलं. त्याच्या छताला पुठ्ठ्याच्या मोठमोठ्या नळ्या आहेत! नातवानं विचारलं, "आजोबा, पुठ्ठ्याचं घर पडत नाही का?" म्हटलं, बाळा, पडलं तरी ते माणसाला मारत नाही. किल्लारीनंतर मला हे उत्तर फार महाग पडून मिळालेलं आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही डोंगराकडे निघालो. ख्राइस्टचर्चहून चारेक तास. मैदान संपतं, खिंड चढते आणि मॅकेंझीचं पठार लागतं. नाव पडलं ते एका स्कॉटिश माणसावरून. १८५५ साली हजार मेंढ्या चोरून नेल्याच्या आरोपावरून तो पकडला गेला आणि पुढे माफीवर सुटला. चोराचं नाव मुलखाला देणारी माणसं मला आवडली. पठार पिवळ्या गवताचं, झाड क्वचित, आणि मध्येच टेकापो नावाचं सरोवर. त्याचा निळा रंग पाहून सौ.ना शंका आली की कुणी नीळ घातली असावी. हिमनद्या डोंगर घासत येतात, त्या घासण्यानं दगडाचं पीठ होतं, ते पिठूळ पाणी सरोवरात येतं आणि त्यावर ऊन पडलं की असा रंग दिसतो.

टेकापोची रात्र मी विसरणार नाही. त्या भागात रात्रीचे दिवे जपून लावतात. २०१२ साली तो मुलूख काळोख जपण्यासाठी राखीव म्हणून जाहीर झाला. काळोख राखीव! आमच्याकडे तो न मागता मिळायचा, भारनियमनात. आकाशाकडे पाहिलं आणि मी गडबडलो. आपलं मृग नक्षत्र उलटं टांगलेलं! दक्षिण गोलार्धात ते तसंच दिसतं, डोकं खाली, पाय वर. जन्मभर ज्या मृगाच्या भरवशावर आम्ही पेरण्या केल्या तो शीर्षासन करून उभा. दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या मुलानं विचारलं, तुम्ही कुठून आलात? त्याला जवळा बाजार काय कळणार? पण औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींची मोठी प्रयोगशाळा उभी करायला २०२३ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली, तिचं नाव घेताच तो उडालाच. "लायगो-इंडिया? तुम्ही तिथले?" हिंगोली जिल्ह्याचा असल्याचा एवढा मान मला मुंबईतही कधी मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी माउंट कुक गाव. तिथून छोटी विमानं उडतात आणि सरळ हिमनदीवर उतरतात. विमानाला चाकंही असतात आणि स्कीच्या पट्ट्याही. धावपट्टीवरून चाकांनी उडायचं आणि बर्फावर पट्ट्यांनी उतरायचं. ही युक्ती हॅरी विगली नावाच्या तिथल्या वैमानिकानं शोधली आणि सप्टेंबर १९५५ मध्ये टास्मान हिमनदीवर पहिल्यांदा विमान उतरवून दाखवलं. दोघांच्या तिकिटात आमच्या बाजारात एक बरी दुभती गाय आली असती. मी तसं म्हणालोही. मुलगी म्हणाली, "बाबा, गाय जवळ्यात रोज दिसते."

विमान उठलं आणि खाली आधी करडं सरोवर आलं, त्यात तरंगणारे बर्फाचे डोंगर. पन्नास वर्षांपूर्वी हे सरोवर जवळजवळ नव्हतंच. हिमनदी वितळत मागे सरली आणि तिच्या जागी पाणी साचत गेलं; आता ते कित्येक किलोमीटर लांब आहे. मग हिमनदी सुरू झाली, वीस किलोमीटरहून लांब. खालचा भाग दगडगोट्यांनी झाकलेला, रस्त्याच्या कामावर खडी पसरावी तसा. वर जावं तसं पांढरं. दोन बाजूंनी दोन बर्फाचे प्रवाह येऊन मिळत होते आणि त्यांच्या मधोमध, अगदी सरळ, दगडांची एक काळी रेघ लांबवर गेली होती. मी सौ.चा हात धरला. "ते बघा, धुरा!"

पायलटनं काचेतून बोट दाखवत सांगितलं, की दोन हिमप्रवाह एकत्र येतात तेव्हा त्यांच्या कडेचे दगड मध्ये अशी रेघ धरतात. आणि ती रेघ एका जागी थांबत नाही. दोन्हीकडच्या बर्फाबरोबर तीही खाली सरकत जाते आणि शेवटी त्या सरोवरात पडते.

वर, उंचावरच्या पांढऱ्या मैदानावर विमान उतरलं. पायलटनं इंजिन बंद केलं. आम्ही खाली उतरलो आणि पोटऱ्यांपर्यंत बर्फात उभे राहिलो. शांतता अशी की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यावं. मध्येच दूर कुठे तरी बर्फाचा कडा कोसळल्याचा घुमारा आला आणि विरला. सौ.नी हात जोडले. म्हणाल्या, "औंढ्याच्या गाभाऱ्यात खाली उतरल्यावर असंच वाटतं." समोर आओराकी, ज्याला इंग्रजांनी माउंट कुक म्हटलं, तो उभा होता. १९४८ मध्ये एडमंड हिलरी याच डोंगराच्या दक्षिण धारेनं चढले. पुढे पाच वर्षांनी एव्हरेस्ट. या डोंगराची उंची शाळेच्या पुस्तकांत पूर्वी ३७६४ मीटर असायची. १९९१ च्या डिसेंबरात एका रात्री माथ्याचा मोठा लचका खाली कोसळला आणि तो दहाएक मीटरनं खुजा झाला. २०१४ मध्ये नवी मोजणी जाहीर झाली, ३७२४ मीटर. डोंगराचीही मोजणी होते आणि डोंगरही कागदाप्रमाणे राहत नाही, हे ऐकून माझ्यातला बँकवाला जरा वरमला.

खाली आल्यावर गावातल्या माहिती केंद्रात बराच वेळ बसलो, आणि तिथे जे वाचलं ते माझ्या व्यवसायातलंच होतं. दक्षिण बेटावरच्या नाय ताहू या माओरी जमातीकडून इंग्रज सरकारनं १८४८ साली केम्प नावाच्या अधिकाऱ्यामार्फत एक खत करून घेतलं. लाखो एकर जमीन, किंमत दोन हजार पौंड. त्यांच्यासाठी राखून ठेवू म्हटलेल्या जमिनी नीट राखल्या नाहीत आणि हद्दींवरून वाद झाला. नाय ताहूंनी दाद मागायला सुरुवात केली. एक पिढी गेली, दुसरी गेली. दीडशे वर्षं. अखेर १९९८ मध्ये कायदा झाला, सरकारनं माफी मागितली, १७ कोटी डॉलरची भरपाई ठरली. आणि त्या कायद्यात या डोंगराबद्दल एक कलम घातलं गेलं. ते मी तीनदा वाचलं. आओराकीची मालकी नाय ताहूंना परत द्यायची, आणि सात दिवसांच्या आत नाय ताहूंनी ती साऱ्या देशाला भेट द्यायची.

पस्तीस वर्षांत मी हजारो खतं पाहिली. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोड. मिळाल्यावर सात दिवसांत देऊन टाकायचं ठरवून दीडशे वर्षं भांडलेलं खत पाहिलं नव्हतं. आपलं होतं, एवढं कबूल करा. मग घ्या सगळ्यांनी. भांडण जमिनीचं असतं असं मी समजत आलो होतो. दादाचं माझ्याशी भांडण दीड गुंठ्याचं नव्हतं, हे मला तिथे, घरापासून बारा हजार किलोमीटरवर, एका बाकावर बसून कळलं. आबांची पावलं खोटी नव्हती, एवढंच त्याला माझ्या तोंडून हवं होतं.

त्या केंद्रात आओराकीची कथाही होती. आकाशाचा मुलगा आओराकी आपल्या भावांना घेऊन होडीतून निघाला. परतीच्या वेळी होडी अडकली, कलंडली. भाऊ उंच राहिलेल्या काठावर चढून बसले आणि तिथेच गारठून दगड झाले. होडी म्हणजे हे दक्षिण बेट. सगळ्यात उंच शिखर आओराकी आणि बाजूची शिखरं त्याचे भाऊ. सौ.नी ती कथा वाचली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना फार बोलावं लागत नाही.

एप्रिलमध्ये परत आलो. आल्यावर तिसऱ्या दिवशी दादाच्या आखाड्यावर गेलो. तो बाजेवर बसला होता. मी चपला काढल्या आणि समोर खाली बसलो. म्हटलं, "दादा, आबांची पावलं खोटी नव्हती. माझी मोजणी करायची अक्कल खोटी होती." तो बराच वेळ गोठ्याकडे बघत राहिला. वैनींनी पाणी आणून ठेवलं. मग दादा म्हणाला, "इमानात बसून गेल्तास म्हनं. फोटू-बिटू हाय का काही?"

मी फोन काढला. त्याला चष्मा लागतो, वैनींनी तो आणून दिला. हिमनदीचा फोटो त्यानं बोटानं मोठा करून पाहिला.

"यात धुरा कुठाय?"

"हाय दादा, ही काळी रेघ. पण ती सरकत जाती म्हणं बर्फासंगं."

"आन् हा डोंगर कुणाचा?"

मी सात दिवसांची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला आणि पहिल्यांदा हसला. "सात दिवस? म्हंजे आपल्या सप्त्याएवढे. सप्ता झाला की काला वाटायचा सगळ्या गावाला."

दीडशे वर्षांच्या त्या कायद्याचा अर्थ माझ्यापेक्षा त्याला लवकर कळला.

२०२४ च्या जूनमध्ये पेरणीच्या वेळी मी दगडांपासून दोन फूट आत सोडून पेरायला सांगितलं. दादाला मी काही बोललो नव्हतो. चार दिवसांनी जाऊन पाहिलं तर त्यानंही त्याच्या बाजूनं दोन फूट सोडले होते. हद्दीचे दगड आहेत तिथेच आहेत. सरकारी खुणा, कुणी उपटू नयेत. त्या चार फुटांत आता गवत माजलंय. दोन्ही घरच्या म्हशींना ते पुरतं, आणि वैनी दुपारी भाकर सोडतात ती लिंबाखालीच.